देवधर सरांची थिअरी आणि दशहरीची पेटी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्टाफरूममध्ये एक देवधर सर असले आणि चहा वेळेवर आला, की ते आपोआप साठतात. लखनऊच्या या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला आले, तेव्हापासून माझ्याकडेही बरेच साठलेत.

सर आमचे हेड, मूळचे नागपूरचे. रिटायर होण्याआधी त्यांना सगळ्या अर्थशास्त्राची एकच थिअरी मांडायची होती. भाव, पगार, व्याज, सगळं एका वाक्यात: माणूस जे काही करतो, ते उद्याची धास्ती कमी करायला! आणि सरांचा नियम असा, की थिअरीत जो चूक काढेल त्याला मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची एक पेटी. चूक वर्षभरात कधीही काढा, पेटी जूनमध्ये!

*

एकदा एक विद्यार्थिनी चौकातल्या बाजारातून तावातावाने आली. "सर, चिकन के कुर्ते वाले चचा ने मुझे बगल की दुकान पर भेज दिया! बोले, मेरी बोहनी हो गई, उनकी नहीं हुई।"

हातातलं गिऱ्हाईक शेजाऱ्याला! यात कसली आलीय उद्याची धास्ती?

सर खुर्चीतून उठलेच. "वाह बेटा! पेटी तुम्हारी!" हरल्यावर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे आठवडाभर सर थिअरीला ठिगळ लावत बसले होते.

*

स्टाफरूममधले आमचे रिझवी साहेब अदबीने वार करतात. "सर, एक ही मसाले से पूरी दावत नहीं सजती।"

"और नमक?" सर म्हणाले.

"खीर में डालकर दिखाइए!"

दुसऱ्या दिवशी सरांनी घरून खीर आणली, चिमूटभर मीठ घातलेली. रिझवींनी दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाले, "बहस कल करेंगे। और है?"

*

लष्करी छावणीतल्या गणपतीत सुभेदार कदम भेटले. "सर, आमच्याकडे एकच थिअरी. ऑर्डर!"

"मग सुट्टी कशी मिळवता?"

"त्याला मात्र दरवेळी नवीन थिअरी लागते, सर!"

कदमांनाही पेटी गेली.

*

या सगळ्यात सरांच्या बायकोची, आमच्या वहिनींची, मात्र पंचाईत. "लखनऊत जन्म गेला माझा, पण पेटी कधी घरी आली नाही. सगळ्या चूक काढणाऱ्यांना!"

"मग तूही काढ ना एखादी," सर म्हणाले.

"थिअरीत कशाला? तुमच्यातच काढून दमले मी!"

*

मग जून आला आणि सरांचं शेवटचं लेक्चर. टेबलावर पेटी ठेवलेली. रिझवींनी आम्हा सगळ्यांना आधीच बजावलं होतं, "आज कोई कुछ नहीं बोलेगा।" सरांनी फळा भरून थिअरी मांडली. काय सुंदर मांडली! मला खरंच भरून आलं. टाळ्या थांबेनात.

"कोई ग़लती?" सरांनी विचारलं.

सगळे रिझवींकडे बघू लागले. सर वाट बघत राहिले. मग वळून फळ्याकडे बघत उभे राहिले. डस्टर उचललं आणि सगळ्यात वरची, उद्याच्या धास्तीची ओळ पुसली.

मग पेटी उचलून ते खाली आले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींच्या मांडीवर ठेवली.

"अहो, ही मला कशी? चूक कोणी काढली?"

खडूचे हात झटकत सर हसले. "मी!"