आईला सांगितलेले कोरियन सिनेमे

नागपूरच्या विमानतळावर आत जाणारे आणि सोडायला आलेले यांच्यामध्ये एक काच आहे. सहा वर्षांपूर्वी त्या काचेच्या आतल्या बाजूला मी दोन बॅगा घेऊन उभी होते आणि बाहेर आई. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, त्यामुळे सोडायला ती आणि तिच्या सोबतीला शेजारच्या वंदनाकाकू, एवढ्याच आलेल्या. आईने हात हलवला, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या मागे निळ्या कुडत्यातली दुसरीच एक मुलगी उभी होती, तिला बघून. मी फोन लावला आणि म्हटलं, "आई, मी इकडे, डावीकडे." ती म्हणाली, "दिसली, दिसली. गर्दी आहे नं. पोचल्यावर जेवलीस का ते आधी सांग, बाकीचं मग." पुढे कॅनडात, ग्वेल्फमध्ये हा किस्सा मी कितीतरी जणांना विनोद म्हणून सांगितला आणि सगळे हसले.

तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले त्यांना वाटतं, आम्ही इथे मोकळे झालो. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना मोकळेपणाचं खरं माप ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना वेगळं सांगत नाही. मी फूड सेफ्टीचा कोर्स करायला आले आणि एका सॉसच्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. बाटली उघडायची, आंबटपणा मोजायचा, लिहून ठेवायचं, पुढची उघडायची. राहते बेसमेंटमध्ये. खिडकी आहे, पण तिच्यातून घरमालकाच्या गाडीचे टायर तेवढे दिसतात. ते बदलले की समजायचं, विंटर आला.

कोरियन सिनेमाचं वेड पहिल्याच हिवाळ्यात लागलं. युनिव्हर्सिटीत दर गुरुवारी संध्याकाळी फुकट सिनेमा दाखवायचे आणि त्या टर्मला सगळे कोरियन होते. मी खरं तर हॉलमधल्या हीटिंगसाठी गेले होते. पण पडद्यावर एक बाई दहा मिनिटं नुसती मुळे चिरत बसलेली आणि तिच्या पाठीवरून कळतंय की घरात काहीतरी भयंकर घडून गेलंय, हे बघून मी सुन्न झाले. त्यानंतर मिळेल तो सिनेमा पाहिला. परदेशी महोत्सवात बक्षीस मिळवलेला असला की माझ्या लेखी तो आधीच पास.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर ह्येजिन बसते. ती सोलची. मोठ्या कौतुकाने मी तिच्याकडे या सिनेमांचा विषय काढला, तर ती चकित होऊन बघायला लागली. इंग्रजीत जे म्हणाली ते आपल्या भाषेत साधारण असं: "आमच्याकडे हे कोण बघतं? माझे बाबा पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतात. तुम्ही बाहेरचे टाळ्या वाजवता, मग ते आमच्या पेपरात छापून येतं, मग आम्ही बघायला जातो आणि जांभया देत परत येतो." तिला आवडतात पोलीस आणि चोरांचे धांगडधिंग्याचे सिनेमे. मला वाईट वाटायला हवं होतं, पण ओळखीचंच वाटलं. आपल्याकडेही बाहेर गाजलेल्या मराठी सिनेमाला दुपारचा एक खेळ मिळतो, आणि थेटरात सात माणसं असतात, त्यातली दोन एसीसाठी आलेली.

तिकडे नागपुरात, आमच्या प्रतापनगरात आईलाही कोरियन लागण झाली होती. पण तिची तऱ्हा वेगळी. तिला हिंदीत डब केलेले, भरपूर बोलणारे, भरपूर रडणारे सिनेमे हवे. श्रीमंताचा मुलगा, गरिबाची मुलगी, सासूचे टोमणे. "यांच्या सासवा आपल्यासारख्याच गं," म्हणायची. मग आम्ही शनिवार ठरवून टाकला. इथे सकाळचे नऊ, तिथे संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेसात. फोन स्पीकरवर ठेवायचा, एक-दोन-तीन म्हटल्यावर दोघींनी एकदम सिनेमा सुरू करायचा. ती हिंदीत ऐकणार, मी कोरियनमध्ये, खाली इंग्रजी वाचत. वंदनाकाकू येऊन टीव्ही लावून द्यायच्या, कारण आईच्या म्हणण्याप्रमाणे नव्या रिमोटचं तिला काही समजत नव्हतं.

तिच्या आवडीची मी फार थट्टा केली. पोस्टात तीस वर्षं काढलेली माझी आई, पाकिटावरचं कसलंही गिचमिड अक्षर लावणारी, आणि सिनेमा बघताना तिला सगळं तोंडाने सांगितलेलं हवं. डबिंगमधल्या बायकांचे आवाज तिला पाठ झाले होते. "आज परत तीच बाई आई झाली," ती म्हणायची. चेहऱ्याबद्दल, कपड्यांबद्दल कधी बोलली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. व्हिडिओ कॉलवर ती फोन इतका जवळ धरायची की मला फक्त कपाळ दिसायचं. मी म्हणायची, "आई, थोडी मागे हो, मला तू पूर्ण हवी." त्यावरही आम्ही हसायचो.

मागच्या वर्षी माझं इथे काम करायचं परमिट संपलं. वाढवून मिळावं म्हणून अर्ज वेळेत केला होता, पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहण्याची, फाईलही आत आहे. उत्तर येईपर्यंत इथे राहून काम करता येतं, पण देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येऊन ते काम करता येईलच याची खात्री नाही. नोकरी गेली की फाईलचा पायाच गेला. अर्जाचं पान मी रोज उघडते आणि रोज तिथे लिहिलेलं असतं की विचार चालू आहे. पहिली वर्षं कोर्स, पैसे, सुट्टी नाही, अशा कारणांनी जाणं झालं नव्हतं आणि ती कारणं माझी होती. आता जायची सोयच राहिली नाही. कुणी कोंडलेलं नाही, दार उघडंच आहे, फक्त बाहेर गेलं की ते आपल्यासाठी परत उघडेल का ते माहीत नाही. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बस नं तिथेच शांत. मला काय धाड भरली आहे?"

त्याच सुमारास माझ्या आवडीच्या एका सिनेमाचं हिंदी डबिंग आलं. बक्षीसवाला, कमी बोलणारा. मी हट्टच धरला. म्हटलं, "सासवासुना पुरे झाल्या, आज एक खरा सिनेमा बघ." एक म्हातारा धोबी, त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. मध्यावर एक लांब प्रसंग आहे, त्यात अवाक्षर नाही, संगीतही नाही. धोबी चादर झटकतो, वाळत घालतो, घरात येतो, बायकोच्या नाकाजवळ हात नेतो आणि तसाच खाली बसतो. ती गेलेली असते. इथे माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात फोनमधून आई म्हणाली, "काय गं, बंद पडलं का? कधीचा आवाज येऊन नाही राहिला."

मला आधी राग आला. म्हटलं, "आई, ती मेली. तुला दिसत नाही का?"

मग ती अगदी सहज म्हणाली, "नाही."

काचबिंदू. मी कॅनडाला निघाले त्याच्या आधीपासून. कडेचं सगळं दिसणं हळूहळू गेलं, मधलंही धुरकट होत आलंय. टीव्हीवर तिला उजेड हललेला कळतो, माणसं नाही. भर उन्हात, हातभर अंतरावर असलेला चेहरा अजून ओळखू येतो. गेलेलं परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकवायचं, आणि ते किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. हे सगळं वंदनाकाकूंना माहीत होतं आणि मला सांगायचं नाही अशी त्यांना शपथ होती. मी रडले, भांडले. तिकीट काढते म्हटलं. आई म्हणाली, "तू आली म्हणून मला दिसणार आहे का? एवढी वर्षं घातली आहेस तिथे. गुपचूप काम कर."

तिचं खरं होतं आणि मला ते नको होतं. मी गेले तर इथलं सगळं हातचं जाणार. थांबले तर परमिट येईल तोवर माझा चेहरा ओळखण्याइतपत तिला दिसत असेल की नाही, कोण जाणे. लॅबमध्ये मी ह्येजिनला सांगितलं. तिने हातमोजे काढले, जवळ आली आणि म्हणाली, तिचे बाबा घोरतात ते सिनेमे आता तिलाही त्यांच्या शेजारी बसून बघावेसे वाटतात. तिची स्वतःची फाईलही अजून आतच आहे.

शनिवार आम्ही सोडला नाही. पण आता मी सांगायला लागले. हिंदी संवाद ती ऐकणार, आणि जिथे कुणी बोलत नाही तिथे मी बोलायचं. "तो चपला काढतोय. भिंतीवर ओल आहे. मुलगी हसली, पण त्याच्याकडे न बघता." सुरुवातीला मी फार सुंदर सुंदर सांगायचे. आई वैतागायची. "निबंध नको वाचू, काय होऊन राहिलं ते सांग." हळूहळू मला जमू लागलं. माझ्या लाडक्या मुक्या सिनेमांवर तीही खूश व्हायला लागली. सोलमध्ये ज्यांना कुणी विचारत नाही आणि परदेशात ज्यांचं कौतुक होतं, ते सिनेमे प्रतापनगरात माझ्या आवाजात चालायला लागले.

गेल्या महिन्यात एक पाहिला. गाव सोडून बंदरावर कामाला गेलेला मुलगा, गावात एकटी आई. शेवटची दहा मिनिटं बिनबोलाची. मुलगा कितीतरी वर्षांनी संध्याकाळी गावात येतो, घरासमोरच्या रस्त्यापलीकडे उभा राहतो, बराच वेळ घराकडे बघतो, आणि मागे फिरतो. मला हे सांगवेना. तोंडातून दुसरंच निघालं. "तो रस्ता ओलांडतोय. दार ढकललं. आई वळली. तिने काही विचारलं नाही, पान घेतलं." आईने विचारलं, "काय वाढलं?" मी म्हटलं, "भात. गरम सूप. मुळ्याचं लोणचं." ती म्हणाली, "बरं झालं."

पुढच्या शनिवारी फोन लावला तर सिनेमा लावायच्या आधीच ती म्हणाली, "त्या दिवशी वंदना इथेच बसून होती. शेवटपर्यंत पाहिला तिने."

काकू टीव्ही लावून घरी जातात, हे मी धरूनच चालले होते. पडद्यावर मुलगा पाठ फिरवून चाललेला, आणि स्पीकरवर मी त्याला भात वाढतेय, आणि काकू तोंडातून शब्द न काढता ते ऐकतायत.

"चिडली नाही मी," आई म्हणाली. "पण तू त्याला मनानेच जेवायला बसवलं नं, त्यावरूनच मला समजलं, तुझं काही एवढ्यात येणं होत नाही. आता खरा शेवट सांग."

मी सांगितला. रस्ता, अंधारून आलेलं, त्याच्या हातातली पिशवी, तो वळतो ते.

"घरात दिवा होता का?"

"होता. स्वयंपाकघरात."

"त्याला दिसला?"

"दिसला."

"मग येईल तो," आई म्हणाली. "सिनेमा संपला म्हणून काय झालं."

परमिट अजून आलेलं नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं तर पूर्वी मी नागपूर म्हणायची, मधली काही वर्षं उगीच ग्वेल्फ म्हणत होते. आता मला वाटतं, ज्या माणसाशी खोटं बोलून चालत नाही, ते माणूस असेल तिथे घर. सध्या ते शनिवारी सकाळी नऊपासून दोन तास, फोनच्या स्पीकरवर असतं. तेवढ्यावर माझं भागत नाही. पण आज तेवढंच आहे.

या शनिवारी सिनेमा लवकर संपला. मी फोन ठेवायला निघाले, तर आई म्हणाली, "थांब. आता तू कशी दिसतेस ते सांग. आणि खरं सांग, तो भात नको वाढू."

मी फोन हातात घेऊन वॉशरूमच्या आरशासमोर उभी राहिले, दिवा लावला, आणि केसांपासून सुरुवात केली.