कारण : कायमचं गावी जाणे

वेसाव्याच्या बाजारात मासळी विकणारी भारतीताई त्या दिवशी माझ्याबरोबर आली नसती, तर माझी लेक कागदावर मुंबईतून नाहीशी झाली असती. म्हणून आधी तिचं नाव. मग बाकीचं.

मुख्याध्यापक बाईंनी मला बसा म्हटलं नाही. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या.

माझी सायली चौथीत. बोलताना अडखळते. पहिलं अक्षर अडकतं, मग सगळं सुटतं. तेवढं थांबायला हवं. वर्गातल्या बाई थांबायच्या नाहीत. रोज तिलाच उभं करून धडा वाचायला लावायच्या आणि वर्गाला म्हणायच्या, "रेडिओ लागला रे." पोरं हसायची. पुढे पुढे सायली गणवेश बघूनच ओकायला लागली. मी तिला घरी ठेवली.

मी ज्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते, तिथला मुलगा शाळेत जात नाही. आई घरीच शिकवते. होमस्कूलिंग म्हणतात. पाहुणे कौतुक करतात. तो शब्द मी मुख्याध्यापक बाईंसमोर काढला.

बाई क्लार्ककडे बघून हसल्या. "होमस्कूलिंग? तुम्ही? शिकलात किती?"

"सातवी."

"मग काय शिकवणार? घावणे घालायला?"

माझं बोलणं देवगडकडचं. ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. क्लार्कपण हसला. मी पायाकडे बघत राहिले.

मग त्यांचा सूर मऊ झाला. "हे बघा, मूल घरी ठेवणं गुन्हा आहे. पोलीस येतील दारात. त्यापेक्षा दाखला घेऊन जा. अर्जात लिहा, कायमचं गावी जात आहोत. कुणालाच त्रास नको."

आम्हा कोकणातल्या माणसांना हे नवीन नाही. खोली बदलली, पोराचं नाव काढलं, काहीही होवो, कारण एकच लिहायचं. गावी. आमच्या गल्लीत कितीतरी पोरं दाखल्यावर गावी गेलीत आणि नाक्यावर उभी आहेत.

"उद्या येऊन सही करते," मी म्हटलं. वर थँक्यू म्हटलं. पोलिसांपासून वाचवलं म्हणून.

त्या थँक्यूची मला अजून किळस येते.

बाजारात भारतीताईला सांगितलं तर तिचा मासे कापणारा हात थांबला. "पोलीस? पोरगी घरात शिकली म्हणून? चल गो, विचारून येऊ." कोर्टात बायकांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, हे तिला जावेच्या सोडचिठ्ठीच्या वेळी कळलं होतं. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला तिने टोपली बहिणीच्या ताब्यात दिली.

तिथे वकील मॅडमसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"काय गो, जीभ देवगडला ठेवून आलीस?" भारतीताई म्हणाली आणि सगळं तिनेच सांगितलं. रेडिओसकट.

मॅडम तरुण होत्या. सरळ बोलल्या. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य, असं कायदा म्हणतो. पण नाही घातलं तर शिक्षा त्यात लिहिलेली नाही. घरी शिकवायला वेगळी परवानगीही नाही आणि सरळ बंदीही नाही. मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. पुढे दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. उद्या परत शाळेत यावंसं वाटलं तर वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. आणि वर्गात मुलाचा मानसिक छळ करायला मात्र कायद्याने बंदी आहे.

"गावी जातो असं लिहून दिलंत ना," त्या म्हणाल्या, "की शाळेची जबाबदारी सुटली. मुलगी कुठे आहे, हे विचारणारं कुणी उरत नाही."

म्हणजे गुन्हा माझा नव्हताच. मला घाबरवून माझ्याच सहीने तो माझ्या नावावर चढवायचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्ज तयार होता. फक्त सही.

"मी गावी जात नाहीये."

"मग कारण काय लिहायचं?" बाई.

"खरं लिहा. वर्गात पोरीची चेष्टा केली म्हणून."

"फार शहाण्या झालात एका दिवसात."

"हो."

अर्ज मी परत त्यांच्याकडे सरकवला.

सही केली नाही. शिक्षण खात्यात तक्रार दिली आहे, उत्तर नाही. सायली घरी शिकतेय. मुक्त विद्यालयाची चौकशी चालू आहे. दुपारी कामावरून आले की आधी मी धडा वाचते, मग ती. अपूर्णांक मला येत नाहीत. शिकतेय. दाराची कडी वाजली की अजून पोलीस आले असंच वाटतं. येऊ देत. तिचं वाक्य अडकलं की मी थांबते, आणि खोटं कारण लिहून माझी पोर कुठूनही पुसू देणार नाही.

भारतीताई बाजारात बसते ती जागा काढून घ्यायची बोलणी आता सुरू झालीत. एक दिवस तिला पालिकेच्या साहेबांपुढे उभं राहावं लागेल. त्या दिवशी टॉवरमधला स्वयंपाक बुडेल. मी तिच्या बाजूला असेन. आणि बोलणार मी.