राखेच्या दोन रेघा आणि सागाचा वासा

महादूचा उजवा गुडघा मी हातात धरला तेव्हा तो गरम लागत होता. सूज इतकी, की वाटी बोटांना सापडेना. त्याला घेऊन आलेले तालमीचे वस्ताद दारातच उभे राहिले.

मी हाडं बसवते. सासरे करायचे, मी बघत बघत शिकले. घर टेंभी नाक्याशी, म्हणून तालमीतली पोरं येतात आणि खाडीकडची आगरी माणसंही येतात. महादू मिठागरात मीठ वाहायचा. त्याच्या गावात देवीची पालखी निघते, आणि पुढच्या दांडीचा मान त्याच्या बापाचा. देवळासमोर दांडी खांद्यावर घेऊन पुरतं खाली बसायचं आणि हात न टेकता उठायचं, अशी रीत. बाप पावसाळ्यात गेला. आता महादूचा हात जमिनीला लागला, तर मान चुलत्याच्या घरात जाणार. म्हणून तो तालमीत बैठका काढायला लागला, आणि गुडघा घेऊन माझ्याकडे आला.

"काकी, मना उठता येल ना?"

"आधी बसून दाखव."

तो बसला. पावलं जुळलेली, आणि खाली जाताना गुडघे एकमेकांवर आपटायला आलेले. मग मी त्याला चालायला लावलं. एवढ्या मोकळ्या ओटीवर हा एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत चालला! तेव्हा उलगडलं. मिठागरातले बांध वीतभर रुंद. डोक्यावर टोपलं घेऊन त्यावरून चालायची पायांना सवय, ते जवळजवळच पडणार.

सूज उतरेपर्यंत लेप लावला, बैठक बंद ठेवली. मग ओटीवर राखेच्या दोन रेघा ओढल्या, मधे खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर ठेवून. पाऊल रेघेवर, टाच टेकलेली, गुडघा पावलाच्या बोटांकडे. मागे विटांवर पाट ठेवला, त्यावर बसायचं नि उठायचं. जमलं की एक वीट काढायची.

वजनाचं मात्र वस्तादांनी बघितलं. तालमीत त्याच्या गळ्यात नाल घालत, म्हणजे मधे भोक असलेला जड दगड.

"चुकलंच," ते म्हणाले. "नाल दोन्ही खांद्यांवर सारखी बसते. दांडी एकाच खांद्यावर येणार. याला सागाचा वासा द्या, टोकाला वाळूची पिशवी बांधून."

तसंच केलं. पिशवीत वाळू मूठमूठ वाढवली.

पालखीला मी गेले होते. देवळासमोर महादूने पावलं एकमेकांपासून लांब ठेवली आणि चुलता सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "याचा बाप पाय जुळवून बसायचा. हा म्हशीवानी बसतंय." महादूने ऐकलं, पण पावलं हलवली नाहीत. बसला. खाली गेल्यावर क्षणभर थांबला. मग उठला, सावकाश, दोन्ही हात दांडीवर. मान घरात राहिला. त्याची आई तिथेच जमिनीला डोकं टेकून रडली.

गुडघा पुढेही थंडीत दुखायचा. झीज झाली ती झालीच, ती मला भरून काढता येत नाही.

काही दिवसांनी चुलता माझ्या ओटीवर आला, एका हाताने भिंत धरून. त्याचाही उजवाच गुडघा. राखेच्या रेघा पुसट झालेल्या, त्या त्याने स्वतःच शोधल्या आणि पावलं ठेवून उभा राहिला. मी त्याच्या मागे विटांवर पाट ठेवला. गुडघ्याला घराणं कळत नाही, तो फक्त पाऊल कुठे पडलंय तेवढं बघतो.