चकलीच्या डब्यातले फोन

शेजाऱ्यांचे किस्से पिशव्यांच्या पिशवीसारखे असतात. एक ओढायला जावं, तर मागून चार निघतात. त्यात मी बरीच वर्षं रोज डायरी लिहितो, त्यामुळे माझी पिशवी जरा जास्तच फुगली आहे. आज थोडी मोकळी करतो.

धायरीतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर तीन घरं. एक आमचं, म्हणजे मी आणि सुनीता. समोर देवधर काका-काकू. काका निवृत्त शिक्षक. आयुष्य पेठेत गेलं आणि आता मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये इकडे आले. कोपऱ्यात नितीन आणि अश्विनी, दोघं अमरावतीचे, दोघंही हिंजवडीत आयटीत. मीसुद्धा हिंजवडीतच, पण कंपनीच्या बसेसचं वेळापत्रक सांभाळतो. म्हणजे आयटीत नाही, आयटीला आणतो-नेतो!

*

सुरुवात झाली संक्रांतीला. काकूंनी सगळ्यांना तिळगुळाला बोलावलं. आम्ही गेलो, सोफ्यावर बसलो आणि आपापल्या फोनमध्ये शिरलो. काकू वाटी घेऊन उभ्या, आणि मान वर करायला कोणी तयार नाही. काकू आत गेल्या. दिवाळीत चकल्या ठेवतात तो मोठा स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आधी फोन यात. मग तिळगूळ हातात."

नितीन म्हणाला की त्याची सपोर्टची ड्यूटी आहे, अख्खा सर्व्हर त्याच्या भरवशावर आहे. काका पेपरामागून म्हणाले, "सर्व्हरलाही बोलवा. तिळगूळ घेऊन जाईल."

तेव्हापासून ठरलं. दर रविवारी पाच ते आठ, तिन्ही घरांचे फोन काकूंच्या डब्यात आणि माणसं काकूंच्या हॉलमध्ये.

*

पहिल्या रविवारी गप्पा लवकरच आटल्या. सगळे आठ वाजायची वाट बघायला लागलो. पण किती वाजले हे कळणार कसं? हातात घड्याळ कोणाच्याच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल कधी संपला, ते काकूंनाही माहीत नाही. वेळ होती ती डब्यात, आणि आठ वाजल्याशिवाय डबा उघडायचा नाही असा नियम आम्हीच केलेला.

शेवटी नितीन खाली जाऊन वॉचमनला विचारून आला. वॉचमनने खिशातून मोबाइल काढला आणि सांगितलं, सव्वासहा.

काका म्हणाले, "छान. उपास आपला आणि खिचडी वॉचमनची."

दुसऱ्या दिवशी मी त्या घड्याळात नवीन सेल घातला.

*

आता माझं गुपित. मी कादंबरी लिहीत होतो. पहाटेची पहिली बस सुटायच्या आत, रोज थोडी थोडी. कंपनीच्या बसमधून घरी निघालेली एक बाई एका संध्याकाळी मध्येच, आपला नसलेल्या स्टॉपवर उतरते, अशी गोष्ट. बारावीच्या पुढे मी शिकलो नाही, त्यामुळे हे फक्त सुनीताला माहीत होतं. आपलं पुस्तक निघावं ही इच्छा तर तिच्यापाशीही मी एकदाच बोललो होतो.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पुन्हा शांतता पसरली, तेव्हा सुनीता म्हणाली, "अहो, तुमचं ते बसमधल्या बाईचं वाचा ना."

कान तापले माझे. तरी वाचलं. वर बघितलं तर काका तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. मी कागद गुंडाळायला लागलो. काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "झोप लागली म्हणजे बरं लिहिलंय. वाईट असतं तर चिडून जागा राहिलो असतो."

पेठेतल्या माणसाची ही शाबासकी असते. मी ती डायरीत जपून लिहून ठेवली. पुढे दर रविवारी माझं एक प्रकरण आणि काकांची एक डुलकी असा क्रमच पडला.

*

अश्विनी मात्र जीव लावून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "दादा, तुमच्या बाईच्या हातात काहीच कसं नाही? ऑफिसातून घरी जाताना रिकामा डबा असतोच की. घाईत उतरताना ती तो सीटवर विसरेल."

मी इतकी वर्षं बस सांभाळतो. विसरलेले डबे माझ्याच टेबलावर जमा होतात. आणि मला हे सुचलं नव्हतं! ते पान मी पुन्हा लिहिलं. आज कादंबरीतलं सर्वांत चांगलं पान तेच आहे.

*

नितीन एका रविवारी फारच शहाण्यासारखा, सगळ्यांच्या आधी फोन डब्यात टाकून बसला. वाचन ऐन रंगात आलं आणि त्याची पँट वाजायला लागली. डब्यात होता तो त्याचा जुना, बंद पडलेला फोन!

काका म्हणाले, "नितीन, तुमच्या खिशाला काहीतरी सांगायचंय."

शिक्षा म्हणून पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांना अमरावतीचा गोळाभात करून घालायचा, असं ठरलं. नितीनने घातला, वरून फोडणीच्या तेलासकट. काकांनी दोनदा वाढून घेतला, हात धुतला आणि विचारलं, "पुन्हा कधी फसवणार?"

*

कादंबरीचं शेवटचं प्रकरण सोडून बाकीचं मी एका प्रकाशकांना नेऊन दिलं. वयस्कर गृहस्थ, घरूनच काम बघतात. म्हणाले, "वाचून कळवतो. मला रविवारी संध्याकाळी निवांतपणा असतो, तेव्हाच फोन करीन."

मी मान डोलावली. जिना उतरताना लक्षात आलं की मी काय कबूल करून आलो!

काकूंनी लगेच सूट दिली. माझा फोन टीपॉयवर, बाकीचे डब्यात. मी प्रकाशकांच्या नंबराला जुन्या टेलिफोनसारखी वेगळी ट्रिंग-ट्रिंग लावली आणि सगळ्यांना ऐकवून ठेवली. त्या रविवारी मी वाचत होतो आणि सगळे टीपॉयकडे बघत होते. मीसुद्धा. फोन आला नाही. गोष्ट कोणी ऐकली नाही. काकांनासुद्धा झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मी आपणहून फोन डब्यात ठेवला, फक्त आवाज मोठा करून.

*

त्या दिवशी शेवटचं प्रकरण होतं. बाई रात्रभर बाहेर राहून परत आलेली, आपल्याच दारासमोर उभी आहे. बेल वाजवते. आतून पावलांचा आवाज येतो.

आणि डब्यात ट्रिंग-ट्रिंग सुरू झाली. स्टीलमुळे आवाज तर असा घुमला, की खाली वॉचमनलाही ऐकू गेला असेल. मी थांबलो. सुनीता अर्धी उठली. काकूंचा हात झाकणावर गेला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"वाजू द्या," काका म्हणाले. मी बघितलं, ते टक्क जागे होते. "ज्यांना बोलायचंय ते परत करतील. त्या बाईला दार कोणी उघडलं, ते आधी सांगा."

फोन वाजून वाजून थांबला. मी पान उलटलं.

वाचून संपलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठ कधीच वाजून गेले होते. डबा उघडायला कोणी उठलं नव्हतं.