गट नंबर २१७, पड

सहाव्या गटाचं रान बघून झालं तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. महेश्वरीनं मागं वळून बघितलं.

"अक्का, अजून अकरा राहिलेत. माघारी जाता का?"

"तू चाल पुढं," मी म्हणाले. पिशवीच्या बंदानं चप्पल पायाला बांधली आणि तिच्या मागं निघाले.

महेश्वरी आमच्या गावची पीक पाहणीची सहायक. भूमपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. ज्यांना मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद करता येत नाही, त्यांच्या रानात ही बाई स्वतः जाते, फोटो काढते आणि नोंद करते. नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. तिथली सकाळची दळणं उरकायची, कपाळाला विभूती लावायची आणि निघायचं. त्या दिवशी आमचे हे डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला होते, म्हणून रान दाखवायला मी गेले. आमचं रान सगळ्यात शेवटी, डोंगराला लागून.

चालताना तिची एक रीत माझ्या लक्षात आली. प्रत्येक बांधावर ती दोन फोटो काढायची. मोबाइलला ठिकाण सापडेपर्यंत एक साधा. मग दुसरा, ज्याच्यावर खाली काळ्या पट्टीत गट नंबर, तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटतात. पहिल्याला ती कच्चा म्हणायची, दुसऱ्याला पक्का.

"कच्चा कशाला काढतीस मग?"

"उगं. कसं दिसतंय ते बघाय."

पक्क्यावर तिचा एवढा जीव का, तेही तिनंच सांगितलं. आदल्या वर्षी गावातल्याच बलभीमनं तिच्यावर आळ घेतला होता, की ही बाई माझ्या रानात आलीच नाही, दुसऱ्याच्याच बांधावर उभी राहून फोटो काढला. गावात चार दिवस तोंड वर करून चालता आलं नाही तिला. शेवटी तहसीलात मोबाइल दाखवला, आणि त्या पट्टीवरच्या आकड्यांनी तिला खरं ठरवलं. "तवापासून आकड्याबिगर फोटो म्हंजी नुसतं चित्र, अक्का," ती म्हणाली.

आमच्या रानात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मार्गशीर्ष असून आभाळ भरून आलेलं. ह्यांची नजर गेल्यापासून दोन वर्षं त्या रानात नांगर नव्हता. कमरेएवढं कुसळीचं गवत वाळून पिवळंधमक झालेलं. मला लाजच वाटली. तेवढ्यात वारा सुटला. सगळं गवत एका अंगाला कललं आणि ढगाची सावली डोंगरावरून उतरत अर्ध्या रानापर्यंत आली. अर्धं रान काळं, अर्धं उजळ. महेश्वरी बोलता बोलता थांबली. गुडघ्यावर बसली, कच्चा काढला. लगेच तिथूनच पक्का काढला आणि पिकाच्या जागी नोंदवलं, 'पड'.

तो पक्का तिनं मला पाठवला, मी पुण्याला लेकीला, जाईला. जाईचा लगेच फोन. निसर्गाच्या फोटोंची देशपातळीवर स्पर्धा आहे, कुणीही भाग घेऊ शकतं, हा फोटो पाठवूच. महेश्वरी आधी हसली, मग दोन दिवसांनी मी दळण घालायला गेले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "जाईताईनं पाठवला का ओ?"

महिन्यानं दिल्लीहून स्पर्धेवाल्यांचं उत्तर आलं. हजारोंतून चाळीस फोटो निवडले, त्यात हा होता. पण फोटोवर अक्षरं चालत नाहीत. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बिनअक्षरी फोटो द्या, नाहीतर नाव बाद.

मी धावत गिरणीत गेले. महेश्वरीनं ऐकून घेतलं आणि गिरणीचा पट्टा सारखा करत म्हणाली, "कच्चा न्हाय द्यायची मी. उद्या कुणी म्हणलं, हे रान कुठलं, बाई तिथं होती का, तर काय दाखवू?"

"अगं, दिल्लीत कोण बलभीम बसलाय?"

"बलभीम सगळीकडं असतोय, अक्का."

बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी पूजा झाल्यावर मी पुन्हा गेले. म्हटलं, "बांधावरच्या म्हसोबाच्या दगडावर कुणी नाव लिहिलंय का? तरी आपण हात जोडतोच ना?"

"म्हसोबाला कुणी तहसीलात बोलवत न्हाय."

गिरणीत बसलेल्या बायका हसल्या. मलाही हसू आलं. तिनं मात्र मोबाइल काढला. तो कच्चा फोटो उघडून बघितला. मग म्हणाली, "फोटोवर न्हाय, पर नावात लिहिता येतंय का आकडा?"

जाईला फोन लावला. ती म्हणाली, "येतंय की. पण मी नाव दिलंय, 'सोनेरी एकांत'."

"एकांत कशाचा? आमी दोघी होतो की," महेश्वरी म्हणाली. "लिहा, गट नंबर दोनशे सतरा, पड. खाली गाव, तारीख आन् सगळे आकडे."

"पड तरी नको ना गं," मी मध्येच बोलले. देशभर आमच्या पडीक रानाची शोभा होणार, असं मला वाटत होतं.

"हाय ते हाय, अक्का."

फाल्गुनात निकाल लागला. गिरणीतच सगळे मोबाइलभोवती जमलो होतो. पट्टा बंद, पीठ अंगावर तसंच. सांगणारी बाई हिंदीतून बोलत होती, आणि खुल्या विभागाचं पहिलं बक्षीस सांगताना तिच्या तोंडून आमचा गट नंबर आला. गावाचं नाव तिला नीट घेता आलं नाही, पण आकडा बरोबर घेतला. महेश्वरी खाली बसली. पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले, आणि तोंडभर पीठ झालं. संध्याकाळी बलभीम पेढे घेऊन दारात. "माझ्या बी रानाचा एक काढ की," म्हणाला. तिनं पेढा घेतला आणि म्हणाली, "काढते. तुमी बांधावर हजर राहा म्हंजी झालं."

चैत्रात ती नवऱ्यासोबत दिल्लीला जाऊन आली. भिंतीएवढा मोठा फोटो लावला होता म्हणे. परीक्षकांनी सांगितलं, चाळीस फोटोंत हा एकच असा होता, ज्याच्या नावावरून उठून त्या जागेवर जाता येईल. एका बाईनं तिला विचारलं, पड म्हणजे काय. हिनं आपल्या हिंदीत सांगितलं, "जमीन आराम करती है." हे ऐकलं आणि माझी लाज गेली.

ह्यांना आता स्वच्छ दिसतं. वैशाखात त्यांनी ट्रॅक्टर सांगितला, यंदा तूर पेरायची म्हणून. महेश्वरीला ते गिरणीत कळलं असावं. भर उन्हाची माझ्या दारात आली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अक्का, एक मागू का?"

"माग की."

"रान तुमचं, मला हक्क न्हाय. पर डोंगराकडची, फोटोतली तेवढी एक पट्टी तुमच्या मालकांना नांगरू देऊ नका. एक साल तरी. आकड्यावरून कुणी बघाय आलं तर?"