न विचारता उजळलेला चेहरा

"हा मी नाही," जोसेफ म्हणाला आणि फोटो काउंटरवर पालथा ठेवला.

भिंगारला माझा फोटो स्टुडिओ आहे. जोसेफ टांझानियाचा, नगरला इंजिनिअरिंगला होता. मराठी बऱ्यापैकी शिकलेला. घरातला पहिला ग्रॅज्युएट. गाऊन घालून काढलेला हा फोटो आईला पाठवायचा होता, घराच्या भिंतीवर लावायला.

मी फोटो सुलटा केला आणि कपाळावर हात मारला. एडिटिंग माझी सून सीमा करते. तिनं त्याला पार गव्हाळ करून टाकलं होतं. मनात काडीचं वाईट नव्हतं हो तिच्या. येणारा प्रत्येक जण हेच मागतो. माझं उभं आयुष्य लोकांचे चेहरे उजळण्यात गेलं. आता तर कुणी सांगायचीही वाट बघत नाही आम्ही. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

"दादा, चांगलं दिसावं म्हणून केलं," सीमा म्हणाली.

"म्हणजे आहे तसा मी चांगला दिसत नाही?"

सगळ्यांचंच असं करतो, म्हणून मी सारवासारव केली. रस्त्यात पोरं 'काळ्या' म्हणून हाका मारतात ते सोडून देतो, तो म्हणाला, पण हा फोटो माझी आई बघणार.

सीमाचे डोळे भरले. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

त्यानं फोटो पुन्हा पालथा केला. मग म्हणाला, "राग गेलेला नाही. पण फोटो पुन्हा तुम्हीच काढा."

मूळ फोटोही धड नव्हता. काळा गाऊन, मागे काळा पडदा, लाइट नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या हिशोबानं लावलेले. पडदा बदलला, एक लाइट बाजूला घेतला, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, वाढवला. जोसेफ ताठच बसला होता.

"आई समोर आहे असं समजा," सीमा म्हणाली. तो हसला नाही, पण चेहरा सैल पडला.

स्क्रीनवर त्यानं स्वतःला निरखून पाहिलं. "हां. हा मी." एक कॉपी शोकेसमध्ये लावू का, सीमानं विचारलं. लावा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन आल्या, लग्नाच्या बायोडेटासाठी. जरा उजळ करा म्हणाल्या. सीमानं मुलीलाच विचारलं, तुला कसा हवाय? मुलीनं शोकेसकडे बोट दाखवलं.

"तसा. आहे तसा."

बाई तिला ओढत समोरच्या स्टुडिओत घेऊन गेल्या.

विचारलं की गिऱ्हाईक जातं, हा धडा. सीमा तरीही विचारते.