दारात पैसे देणारं गिऱ्हाईक

माझा मामा बूट शिवतो. साधे नव्हेत, ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो त्यांच्यासाठी, एका बुटाचा तळ हवा तेवढा उंच करून. हाताला चव आहे म्हणावं तसं काम, पण माणूस महाहट्टी. चूक दाखवली की चष्मा पुसत बसणार.

अशी गिऱ्हाइकं रस्त्यावरच्या दुकानात किती येणार? म्हणून त्याने ऑनलाइन माल विकणाऱ्या एका साइटवर आपलं दुकान मांडलं. तिथे पहिलाच प्रश्न, पैसे कसे घेणार? कार्डाने, बँकेतून, की कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे पार्सल दारात आल्यावर रोख? मामाने मोठ्या मनाने सगळ्यांवरच टिक करून टाकली.

रोखीनेच त्याला रडवलं. लोक हौसेने माप कळवायचे, मामा मान मोडून बूट शिवायचा, आणि पार्सल दारात गेलं की 'आता नको' म्हणून परत. साधा बूट असता तर दुसऱ्याला विकला असता. एकाच्या आखूड पायाचा बूट दुसऱ्याच्या काय कामाचा? परत आलेले बूट आधी पलंगाखाली गेले, मग स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढले. मामी म्हणायची, "आता पातेली कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर?"

एक बाई मात्र सोन्यासारखं गिऱ्हाईक. तिच्या मुलाचा एक पाय आखूड, आणि वय वाढतं. बूट घट्ट झाले की ती कागदावर त्याचं पाऊल रेखून फोटो पाठवायची आणि पैसे दारात द्यायची. एकदाही पार्सल परत केलं नाही. एकदा तिने लिहिलं, 'तुमच्या बुटांत तो सरळ चालतो. पळतोसुद्धा.' मामाने ते आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही.

मग एकदा लागोपाठ पार्सलं परत आली आणि मामाचं डोकं फिरलं. त्याने रोखीवरची टिक काढून टाकली. आधी पैसे, मग बूट. त्यात काही वावगं नव्हतं, पोटाचा प्रश्न होता. खरी चूक पुढे झाली.

बाईचा मेसेज आला. 'रोख बंद केलीत का? बँकेचा व्यवहार ह्यांच्या हातात आहे आणि ह्यांना हा खर्च पटत नाही. मी घरखर्चातून बाजूला काढून देते. काही मार्ग निघेल का?'

"बूट पाठवून द्या तिला," मामी म्हणाली. "ती बुडवणारी नाही."

"धर्मादाय दुकान उघडलंय का मी? सबबी ऐकून कान किटलेत माझे. आज हिला सोडलं की उद्या सगळे रडगाणं घेऊन येतील."

"सबबी सांगणाऱ्यांनी पैसे दिले नाहीत. हिने दिलेत."

मामाने लिहिलं, 'नियम सर्वांना सारखा आहे.' मला इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

बाईचं उत्तर आलं नाही. ऑर्डरही आली नाही. आधी मामा ताठ होता. हळूहळू फोन वाजला की कुणाचा मेसेज ते आधी बघायला लागला. शाळेच्या बुटांचा हंगाम येऊन गेला. एकदा मी गेले तर हा एक छोटा बूट शिवत बसलेला. कुणाचा, म्हणून विचारलं.

"एव्हाना त्याचा पाय एवढा झाला असेल."

माप नाही, मागणी नाही, नुसत्या अंदाजाने चामडं कापलं होतं. मला त्याची दयाच आली.

अखेर त्याने तिला लिहिलं, 'माझं चुकलं. माप पाठवा. पैशांचं नंतर बघू.' मामाने 'माझं चुकलं' लिहिलं यावर मामीचा विश्वास बसेना. तिने फोन हातात घेऊन खात्री केली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'आठवण ठेवलीत, बरं वाटलं. मधे तो साध्याच बुटांत चालला. आता त्याची पाठ एका बाजूला कलली आहे. डॉक्टर म्हणतात, नुसत्या बुटाने भागणार नाही, ऑपरेशन करावं लागेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हालाही तुमचा धंदा बघावा लागतो.'

मामाने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग फोन उपडा ठेवला.

"चार शिव्या तरी द्यायच्या होत्या गं तिने," तो म्हणाला.